चंडीगढ करे आशिकी : जिमवाल्या पोरांबरोबर बघितलेला पिक्चर

बॉडीबिल्डिंगचा पिक्चर आहे असं सांगून मला नेलं होतं. डिसेंबर २०२१, कोल्हापुरात थिएटरं नुकती कुठं सुरू झालेली, तीपण निम्म्या सीटांवर फुल्या मारून, आणि आम्ही जिममधली चार टाळकी शनिवारी संध्याकाळी शेवटच्या रांगेत, मधली एकेक खुर्ची सोडून बसलेलो. पोस्टरवर आयुष्मान खुरानाचे दंड बघून आमच्यातला पैलवान (नाव वेगळं आहे, पण दोन वर्षं तालमीत काढलीत म्हणून सगळे पैलवानच म्हणतात) एवढा खूश की तिकिटं त्यानंच काढली. ट्रेलर बघितला होता पण त्यातनं आम्हाला एवढंच कळलेलं की पोरीची काहीतरी भानगड आहे. भानगड म्हणजे काय असेल, तर आधीचा नवरा नाहीतर लपवलेलं पोरगं, आमची उडी तिथपर्यंतच.

पुढं मी गोष्ट सांगणार आहे, कारण ती न सांगता या पिक्चरवर बोलताच येत नाही. ज्यांना कोरं राहून बघायचाय त्यांनी आधी बघून या.

तर मनविंदर मुंजाल उर्फ मनू चंडीगढमध्ये जिम चालवतो. जिम म्हणजे नावाला, माणसं कमी आणि वजनं जास्त. डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला, घरी बाप, आजोबा आणि लग्न कर लग्न कर म्हणून कान किटवणाऱ्या दोन बहिणी. तिथल्या एका तगड्या पोरांच्या स्पर्धेत हा उतरतो आणि हरत आलाय. मग त्याच्या जिममध्ये झुंबा शिकवायला अंबाल्याची मानवी ब्रार येते, ती वाणी कपूर, आणि तिच्यामागं गावातल्या बायका येतात, जिम भरते, मनूच्या खिशात चार पैसे येतात आणि हा तिच्या प्रेमात पडतो. पडतो म्हणजे धाडकन. अर्ध्या तासात सगळं उरकलेलं असतं, गाणी, बेडरूम, सगळं. आमची रांग शिट्ट्या मारत होती.

आणि मग ती त्याला सांगते की मी ट्रान्स आहे, जन्माला आले तेव्हा मुलगा म्हणून वाढवलं, ऑपरेशन करून घेतलंय. आधी तर त्याला ट्रान्स म्हणजे काय हेच कळत नाही. आणि खरं सांगू का, आमच्या रांगेतल्या दोघांनापण कळलं नव्हतं, एकजण माझ्याकडं वाकून विचारत होता की म्हणजे नेमकं काय रे. मग मनूच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो जो काही भडकतो ना. तू मुलगा आहेस म्हणून अंगावर ओरडतो, किळस, राग, फसवलं गेल्याची भावना, सगळं एकदम. थिएटरमध्ये पहिले दहा सेकंद लोक हसले. म्हणजे जोरात हसले, कारण आपल्याकडं असा सीन आला की हसायचं हे आपण लहानपणापासून शिकलोय, साडीतला माणूस आला की हसायचं, आवाज जाडा निघाला की हसायचं. पण कॅमेरा मनूवर न थांबता मानवीवर जातो, ती रडत नाही, नुसती बघत राहते, जणू तिला हे असंच होणार हे माहीत होतं आणि तरी तिनं सांगून बघितलं. मग हसणं थांबलं. कुणीतरी उगाच खोकलं.

पैलवान मात्र फणफणला होता. इंटरव्हलला समोसा खाता खाता म्हणाला, "फसवलं की रे भावा तिनं. आधी सांगाय नको व्हय?"

आता हा जो प्रश्न आहे तो पिक्चर बघितलेला प्रत्येक माणूस विचारतो. माझ्या बायकोनं विचारला, माझ्या मेव्हण्यानं विचारला. त्या दिवशी पिक्चर सुटल्यावर चहाच्या गाडीवर तासभर यावरच वाद चालला होता. मी सुरुवातीला पैलवानाच्याच बाजूनं होतो, खोटं कशाला बोलू. पण मग विचार करायला लागलो की आधी म्हणजे कधी? पहिल्या दिवशी, जिमच्या दारात, हातात झुंबाचा स्पीकर घेऊन? पहिल्या चहाला? आमच्यातल्या एकाच्या स्थळाच्या बायोडाट्यात उंची पाच फूट आठ इंच लिहिलीय, तो पाच सहा आहे, तेपण बूट घालून, आणि त्याला कुणी फसवणारा म्हणत नाही. ठीक आहे, हे अगदीच तसं नाही हे मलापण कळतं. पण मनूनं तरी तिला काय विचारलं होतं? घरी कोण असतं, आई का बोलत नाही, काहीच नाही. तो बघत होता, ती आवडत होती, संपलं. आणि ती सांगते तेव्हा तिच्यावर कुणाची जबरदस्ती नसते, पकडली गेली म्हणून सांगत नाही, तिला वाटतं की आता हे पुढं जाणार, आता सांगितलं पाहिजे. हा माणूस मारेल का, गावभर करेल का, याचा अंदाज आल्याशिवाय कोण बोलेल? आणि पुढं तेच होतं ना, त्याच्या बहिणींना कळतं आणि मग बातमी फुटते ती फुटतेच, पोरीला दाराबाहेर पडणं मुश्किल होतं. म्हणजे तिची भीती बरोबरच होती. हे मी चहाच्या गाडीवर बोललो तर पैलवान म्हणाला तू वकील हो.

दुसऱ्या भागात मनू हळूहळू बदलतो. फोनवर शोधशोध करतो, व्हिडिओ बघतो, समजून घ्यायला धडपडतो, आणि आयुष्मान यात पटाईत आहे, दर पिक्चरमध्ये तो आधी अडाणी असतो आणि शेवटी शहाणा होतो, हा त्याचा धंदाच आहे म्हणा. पण इथं मला तो आवडला. मूळचा चंडीगढचाच असल्यामुळं असेल, बोलणं, चालणं, छाती काढून उभं राहणं सगळं अस्सल वाटतं. शहाणा झाल्यावरसुद्धा त्याच्या तोंडून भाषण निघत नाही, शब्द अडकतात, चुकीचंच काहीतरी बोलतो. माफी मागायला जातो तेव्हापण अर्धवट मागतो. आमच्या ओळखीची माणसं अशीच माफी मागतात.

आता माझी मुख्य तक्रार. ही मानवीची गोष्ट नाहीच्चे. ही मनूची गोष्ट आहे. ऑपरेशन तिनं करून घेतलं, घर तिनं सोडलं, आई तिची तुटली, गावानं नावं तिला ठेवली, आणि त्रास किती झाला हे दाखवायला कॅमेरा जातो कुणाकडं तर मनूकडं, तो बघा कसा तळमळतोय, तो बघा कसा व्यायाम करून घाम गाळतोय. शेवटी त्याची स्पर्धा येते आणि ती बिचारी तिथंपण त्याला बळ द्यायला येऊन उभी राहते. अरे, तिला बळ द्यायला कोण जाणार? तिचं जुनं आयुष्य दोनचार वाक्यांत आणि एखाद्या फोटोत गुंडाळलंय. शाळेत काय झालं, मिलिटरीवाल्या घरात तिनं पहिल्यांदा कुणाला सांगितलं, हॉर्मोनची औषधं सुरू केली तेव्हा शरीराचं काय झालं, ऑपरेशननंतर उशाशी कोण बसलं होतं, हे सगळं मला बघायचं होतं. दोन तासांच्याही आत पिक्चर संपतो, वेळ होता यांच्याकडं. त्याऐवजी मनूचे ते जुळे दोस्त (खरोखरचे जुळे भाऊच घेतलेत) आणि बहिणींची कचकच, आणि ती कचकच एवढी मोठ्या आवाजात की पंजाबी घर म्हणजे चोवीस तास भांडण असं वाटायला लागतं.

तिच्या वाट्याला जे चांगले सीन आलेत ते बापाबरोबरचे. कंवलजीत सिंग निवृत्त ब्रिगेडियर झालाय आणि त्याला फार बोलायलाच दिलेलं नाही, हे फार बरं केलं. तो पोरीच्या पाठीशी उभा राहतो, पण पिक्चरमधले बाप उभे राहतात तसा छाती ठोकून नाही, जरा थकलेला, जरा अजून सवय न झालेला. आईला मात्र जमत नाही. ती वाईट नाही, तिला जमत नाही एवढंच. आपल्याकडं उलटं दाखवायची पद्धत आहे, आई पदरात घेते आणि बाप घराबाहेर काढतो. इथं ती अदलाबदल केलीय आणि मला ती पटली, कारण पोटच्या पोराला मुलगा म्हणून नाव ठेवून, वाढवून, त्याच्या लग्नाची स्वप्नं बघून झालेली असतात तिची.

वाणी कपूरचं काम मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगलं आहे, तिनं कुठंही आवाज जाड केला नाही, हात हलवले नाहीत, टाळी वाजवली नाही. सरळ एक पोरगी उभी केली. पण ही भूमिका एखाद्या ट्रान्स बाईलाच का दिली नाही हा जो वाद तेव्हा झाला तो मला बरोबर वाटतो. निर्मात्यांची बाजूपण समजते, मोठं नाव नसेल तर तिकीट कोण काढणार, आमचा पैलवान तर नक्कीच नसता गेला. पण मग दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, मेड इन हेवन या वेबसिरीजच्या दुसऱ्या सीझनमध्ये त्रिनेत्रा हलदार गुम्माराजूनं मेहेर केली, ती स्वतः ट्रान्स आहे आणि डॉक्टर आहे, आणि ते बघताना फरक लगेच कळतो. ती समजावून सांगत नाही. तिला दमलेलं दिसता येतं, चिडता येतं, कधीकधी नकोसंपण होता येतं. मानवीला सतत सुंदर आणि समजूतदार राहावं लागतं, कारण प्रेक्षकाला पटवायचं काम तिच्या डोक्यावर टाकलंय.

हिंदीत आधी काय होतं ते आठवा म्हणजे हा पिक्चर कुठं उभा आहे ते कळेल. १९९१ च्या सडकमध्ये आपल्या नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी महाराणी केली, म्हणजे कोठा चालवणारा तृतीयपंथी खलनायक, काम जबरदस्त, फिल्मफेअरनं खलनायकासाठी दिलेला पहिला पुरस्कार त्यांनाच मिळाला, पण ती महाराणी आमच्या पिढीच्या डोक्यात जी भीती घालून गेली ती अजून निघाली नाही. अमोल पालेकरांनी नव्वदच्याच दशकात दायरा केला होता, निर्मल पांडे आणि सोनाली कुलकर्णी, बाईच्या कपड्यांत राहणारा नाचा आणि एका पोरीचं प्रेम, इतक्या आधी, आणि तो किती लोकांनी बघितला हा प्रश्नच आहे. म्हणजे एकतर भुताटकी नाहीतर फेस्टिव्हलचा पिक्चर. मधलं, साधं, गाणी असलेलं, पॉपकॉर्न खात बघायचं काही नव्हतंच. अभिषेक कपूरनं, ज्यानं आधी काय पो छे आणि केदारनाथ केलेत, तिला सरळ हिरोइन केलं, बर्फाची डोंगरं नसली तरी हिरोइनच, आणि ही गोष्ट मला वाटतं लोकांनी हलक्यात घेतली.

आणि हे मला जास्त का जाणवलं तर मी कोल्हापूरकडचा आहे. आमच्याकडं सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारी घरं गल्लीगल्लीत आहेत, मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला गाड्या भरून जातात, भंडारा, उदं गं आई उदं. माझी आजी दारात आलेल्या जोगत्याच्या, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषाच्या, पाया पडायची. साडी नेसलेला, डोक्यावर देवीचा जग (टोपलीतली मूर्ती) घेतलेला, हातात चौंडकं हे वाद्य, परडीत जोगवा घातल्याशिवाय त्याला ती कधी परत लावायची नाही, आणि त्याच जोगत्याला कोपऱ्यावर पोरं काय काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. पाया पडायला चालतं. सून म्हणून चालेल का, तर हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात येत नाही, माझ्या आजीच्या तर सात जन्मांत आला नसता. मानवी नेमकं तेवढंच मागते, आशीर्वाद द्यायची गिऱ्हाइकी नको, भीकपण नको, मला बॉयफ्रेंड पाहिजे, त्याच्या घरी जेवायला जायचंय.

आपल्या मराठीत २००९ चा जोगवा आहेच, राजीव पाटलांचा, उपेंद्र लिमयेला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. पिक्चर म्हणून जोगवा कितीतरी पुढचा आहे, तुलनाच नको. पण एक गंमत बघा, तिथं पोराला जबरदस्तीनं साडी नेसवून देवाला सोडतात आणि तो ती साडी फेडायला धडपडतो. इथं पोरीला जबरदस्तीनं मुलगा म्हणून वाढवलंय आणि ती त्यातनं बाहेर पडलीय. वरवर बघितलं तर उलट्या गोष्टी, पण दोन्हीकडं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय की तू कोण आहेस. हे मी पैलवानाला सांगितलं तर तो जरा गप्प झाला, कारण जोगवा त्याला तोंडपाठ आहे, गाण्यांसकट.

पैशाबद्दल एक. मानवी खात्यापित्या घरची आहे, ऑपरेशन झालंय, कपडे भारी, इंग्रजी फर्डं, बाप ब्रिगेडियर. सिग्नलवर उभं राहणाऱ्या बाईला यातलं काहीच नसतं, ना ऑपरेशनचे पैसे ना घराची किल्ली. त्या बाईचा पिक्चर हा नाही, आणि तसा आव पण आणत नाही, म्हणून मी एवढं धरून बसत नाही. फक्त हा पिक्चर बघून कुणाला वाटत असेल की चला आपल्याला विषय कळला, तर तेवढ्यानं कळत नाही.

चहाच्या गाडीवर आणखी एक प्रश्न आला होता, यांचं लग्न कायद्यानं होतं का. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं म्हणून घरी येऊन शोधलं. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं, १५ एप्रिलचा निकाल. आणि एप्रिल २०१९ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं एक भारी निकाल दिलाय, तूतीकोरिनच्या देवळात एका तरुणानं ट्रान्स बाईशी लग्न केलेलं, रजिस्ट्रारनं नोंद करायला नकार दिला, कोर्ट म्हणालं हिंदू विवाह कायद्यातल्या वधू या शब्दात ट्रान्स बाईपण येते, नोंद करा. पुढं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला नाही म्हटलं, पण त्याच निकालात ट्रान्स बाई आणि पुरुष असं जोडपं असेल तर आहे त्या कायद्यानं लग्न करता येतं हे मान्य केलं. म्हणजे पिक्चर आला तेव्हा मनू आणि मानवीनं मनात आणलं असतं तर लग्नाला आधार होता. हे पिक्चरमध्ये एका वाक्यात सांगता आलं असतं, पण तिथं सगळा वेळ बहिणींना दिलाय.

या बहिणींवर मी फार घसरतोय पण खरंच डोकं उठवतात. एक गोष्ट मात्र त्यातली चांगली, मनूचा विधुर बाप दुसऱ्या धर्माच्या बाईच्या प्रेमात आहे आणि बहिणींना तेपण खुपतंय, म्हणजे लोकांना नाक मुरडायला एकच विषय लागतो असं नाही हे आपोआप दिसतं. यावर आणखी पाच मिनिटं दिली असती तर चाललं असतं.

संगीत सचिन-जिगरचं आहे, गाडीत लावायला ठीक, कल्ले कल्ले सोडलं तर मला एकपण आठवत नाही. चंडीगढ छान दिसतं, रुंद रस्ते, झाडं, आणि जिममधला प्रत्येक माणूस तेल लावल्यासारखा चकाकतो, तेवढे आम्ही कधी चकाकलो नाही. आठवडाभरात स्पायडरमॅन आणि पुष्पा एकामागोमाग आले आणि हा बिचारा त्यात गेला, आमच्या इथं तर शो लगेच कमी झाले.

पैलवानाचं पुढं काय झालं म्हणाल तर फार काही नाही, माणूस एका पिक्चरनं बदलत नाही. पण २०२२ च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांची सोय करा म्हणून सरकारला फैलावर घेतलं, आणि आमच्या जिममधली निम्मी पोरं भरतीचीच तयारी करणारी, त्यामुळं दिवसभर तोच विषय. एकजण नेहमीसारखं काहीतरी घाण बोलला. पैलवान बेंचवर बसून होता, म्हणाला, "ते सोड मर्दा, पोरांना सोळाशे मीटर हाय, पोरींना आठशे. मग तिचं रनिंग कितीत बसवणार सरकार?" आणि मग पुढची वीस मिनिटं सगळे त्याच्यावरच बोलत होते, हॉर्मोन घेतले की दम कमी होतो का, गोळाफेक किती किलोची ठेवायची. 'तिचं' म्हणाला होता तो. मी काही बोललो नाही, उगाच लक्षात आणून दिलं असतं तर पुढच्या वेळी मुद्दाम उलटं बोलला असता.

दुसऱ्यांदा मी हा नेटफ्लिक्सवर बघितला, तिथं जानेवारी २०२२ मध्ये आला होता, आईबरोबर. तिला हिंदी समजतं पण पंजाबी ढंगाचं नाही, त्यामुळं मधेमधे मी सांगत होतो. ती ज्या जागी मानवी सांगते त्या जागी काहीच बोलली नाही, मला वाटलं झोप लागली. पुढं मानवीच्या आईचा सीन आला तेव्हा म्हणाली, "जेवायला तरी बस म्हणायचं पोरीला." बस, एवढंच. मग शेवटपर्यंत बघितला आणि कुकर लावायला उठली.

पाचापैकी साडेतीन देईन, त्यातला एक कंवलजीतचा. घरच्यांबरोबर बघणार असाल तर सुरुवातीच्या अर्ध्या तासात बेडसीन बरेच आहेत, रिमोट आपल्या हातात ठेवा, आमच्याकडं तो आईच्या मांडीवर होता.